धानाच्या काट्यावर पंचफुला

सोमवारी धानाची पोती यायच्या आधी श्यामराव अडतीतला मोठा काटा फडक्यानं पुसून ठेवायचे. त्यावर पहिली चढायची पंचफुला. चपला बाहेर, मासोळीचं टोपलं बाहेर, आणि ती लोखंडी पाटीवर अशी ताठ उभी, जणू कोणी फोटो काढणार आहे.

"बारदान्याचं वजन कापू का वो?" श्यामराव विचारायचे. पोत्यातल्या धानाचं वजन करताना रिकाम्या पोत्याचं वजन वजा करतात, तोच हिशोब ते तिलाही लावायचे.

"कापा ना. लुगडं नवं हाये."

"लुगड्याचं कापलं. जिभेचं किती कापू?"

"जिभेचं कापान तर काटा शून्यावर येईन, श्यामरावभाऊ."

मग आकडा यायचा आणि पंचफुला तो मोठ्यानं वाचायची. रस्त्यापलीकडच्या चहावाल्यालाही ऐकू जायचा.

"कायले बोंबलून राहिली सकाळी सकाळी?"

"लपवलं का वाढते. साऱ्या लाखांदुराले माहीत असलं म्हंजे मले भजं तोंडात टाकाची लाज वाटते."

तिच्यामागून तिचा धाकटा भाऊ मिथुन काट्यावर चढायचा. त्याचा आकडा कोणी वाचत नसे. श्यामराव पाहायचे, मिथुन पाहायचा, आणि दोघंही मान फिरवून रस्त्याकडं बघायचे. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत अंगात किती पाणी साठलं, ते त्या आकड्यात असायचं. खाली उतरताना त्याच्या चपलेचे पट्टे पायात रुतलेले दिसायचे. तिथून तो सकाळच्या एसटीनं भंडाऱ्याला जायचा, मशीनवर.

मिथुन ढिवराचा पोर, तलावात जाळं टाकणारा. चौतिसाव्या वर्षी रक्तदाबानं दोन्ही किडन्या कधी खाऊन टाकल्या ते कोणाला कळलंच नाही. आईबाप आधीच गेलेले. नवरा वारल्यावर पंचफुला माहेरी परतली तेव्हा मिथुन शाळेत होता. त्यानं धरलेली मासोळी विकून तिनंच घर चालवलं, त्याचं लग्नही तिनंच लावलं. त्याची बायको राखी हिचा रक्तगट जुळला नाही. बहिणीचा जुळला.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर सरळ बोलणारा होता. "मावशी, तुमची किडनी चालेल. वजन चालणार नाही. चौऱ्याण्णव किलो आहे. ऐंशीवर या, मग तारीख देतो."

"येतो ना. सांगा कसं याचं ते."

"हळू. आणि एक लक्षात ठेवा. गोळी नको, काढा नको, चूर्ण नको. गुडघा दुखला तरी गोळी नको. जी किडनी द्यायची आहे, तिला जपायचं."

राखी शेजारच्या खुर्चीवर बसली होती. तिनंही मान हलवली.

पंचफुलानं मग जे केलं त्यात मोठं असं काहीच नव्हतं. भात पहिल्यांदा वाढेल तेवढाच, दुसऱ्यांदा नाही. ज्या परातीएवढ्या ताटात ती जेवायची ते फळीवर चढवलं आणि मिथुनच्या लहानपणची ताटली काढली. बाजारातून परतल्यावर जी भूक लागते ती सगळ्यात वाईट, हे तिला माहीत होतं. त्या वेळी ती जाळं विणायला बसायची, कारण दोन्ही हात दोऱ्यात असले की डब्यात जात नाहीत. आणि पहाटे तलावाच्या पाळीवर चालणं. त्यासाठी तिनं शेजारच्या मनकर्णाबाईला बांधून घेतलं होतं.

"मी नाई आली तर शिव्या दे," तिनं सांगून ठेवलं होतं.

"कोनत्या देऊ?" मनकर्णाबाईनं विचारलं. ती शेतकरीण, सुकलेली, हसताना सगळी हलायची.

"तुया सासूले देत होती त्या."

"त्या तुले पुरणार नाईत. तू जाड हायेस."

एखाद्या दिवशी चालणं चुकायचं. लग्नाच्या पंगतीत हात सुटायचा. तेव्हा पंचफुला कपाळ बडवत बसत नसे. "एक दिवस गेला तं गेला, दुसरा नाई जाऊ देणार," म्हणायची आणि पाळीवर हजर. जेवढं वजन उतरलं तेवढ्या वजनाची मासोळी ती बाजारात निवडून दोन्ही हातांत धरायची. आधी छोटा रोहू, मग चांगला दांडगा कतला.

"हे पाय, मनकर्णा. एवढं मी आंगावर घेऊन फिरत होती."

"मंग मले दे ना. मले कमी पडते."

पावसाळा संपेपर्यंत काटा पंच्याऐंशीवर आला. आणि तिथंच बसला.

सोमवार येई, पंच्याऐंशी. पुढचा सोमवार, पंच्याऐंशी. पंचफुला तोही आकडा तेवढ्याच मोठ्यानं वाचायची, पण चहावाला आता वर बघत नसे.

"होते असं," ती राखीला म्हणायची. "तलाव बी भरता भरता थांबते. पाळ सोडाची नाई, बस."

"तुमाले थांबणं जमते बाई," राखी म्हणाली. "त्याहिले जमन का?"

मिथुनच्या डाव्या हातात डॉक्टरांनी नस जोडून दिली होती, मशीनची सुई घालायला. त्या जागी बोट ठेवलं की आत भुंगा गुणगुणल्यासारखं वाटायचं. राखी रोज सकाळी उठल्यावर पहिल्यांदा तिथं तळहात ठेवायची. दिवाळीच्या आधी एका सकाळी तिनं हात ठेवला, उचलला, परत ठेवला. मग कान लावला.

"काय झालं?" मिथुननं विचारलं.

"काई नाई. झोपा."

भुंगा थांबला होता. भंडाऱ्यात मशीनसाठी त्याच्या मानेत नळी घातली. ही नळी फार दिवस ठेवता येत नाही, हेही तिथंच सांगितलं. मिथुन घरी आला तो मान न वळवता बोलू लागला. राखी त्याच्याकडं बघायची, मग पंचफुलाच्या ताटलीकडं बघायची.

दिवाळीनंतर गावागावांत मंडईची जत्रा भरते. पाळणे, मिठाई, आणि जागोजाग भोंगे. राखी शेजारच्या गावच्या मंडईत मासोळी घेऊन गेली. दुपारी टोपलं रिकामं झालं आणि ती एका ताडपत्रीसमोर उभी राहिली. ताडपत्रीवर मुळ्या, साली, काचेच्या बरण्या. विकणारा भोंग्यात बोलत होता, पण तिला पाहून त्यानं भोंगा खाली ठेवला. तेच तिला खरं वाटलं.

"बोला ताई. कोणाले पायजे? तुमाले तर नाई दिसत."

"नणंदेले. वजन उतरत नाई."

"उतरन. सकाळी अनशापोटी एक चमचा. महिन्याभरात लुगडं सैल."

राखी खाली बसली. "किडनीले काई होत नाई ना?"

"किडनीले?" तो हसला. "ताई, साफ करते ते किडनी. सारी घाण बाहेर. किडनीवाले लोकंच नेते माह्याकडून."

डॉक्टर नाही म्हणाला होता. पण डॉक्टरच्या मानेत नळी नव्हती. राखीनं पुडी पदरात बांधली. त्या पदराला दिवसभर मासोळीचा वास होता, संध्याकाळी त्यात दुसरा एक कडसर वास मिसळला.

पंचफुला सकाळी मेथी भिजवलेलं पाणी प्यायची. ते राखीच द्यायची. मेथी कडूच असते.

"आज जास्त कडू हाये वो," पंचफुला म्हणाली.

"नवी मेथी हाये."

पंचफुलानं तोंड वेडंवाकडं केलं, मुकाट्यानं प्याली आणि पाळीवर गेली.

पुढच्या सोमवारी काटा उतरला. त्याच्या पुढच्या सोमवारी आणखी. श्यामरावांनी काट्याखाली वाकून पाहिलं, कुठं खडा तर अडकला नाही. पंचफुलानं आकडा दोनदा वाचला. चहावाला उठून आला आणि त्यानं बिनसाखरेचा चहा दिला.

"पायलं का राखी? मी म्हणत होती ना, थांबलं तरी पाळ सोडाची नाई."

"हो बाई."

"तू काहून नाई हसून राहिली?"

"हसतो ना."

मनकर्णाबाईला मात्र काही पटेना. पूर्वी पाळीच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पंचफुलाचं तोंड बंद होत नसे. आता ती अर्ध्यात मोहाच्या झाडाखाली बसायची. पोट दुखायचं, दिवसातून कितीदा झुडपामागं जावं लागायचं, पायात गोळे यायचे.

"तू खाऊन राहिली ना काई?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"खातो ना. कमी खातो."

"तुयं तोंड राखेवानी झालं, पंचफुला."

"जाडी बाई बारीक झाली का तशीच दिसते. तू सवय कर."

"काल तू लघवीचं काय म्हणत होती?"

"लाल झाली होती थोडी. उष्णता असन." पंचफुलानं झाडाला धरून स्वतःला उभं केलं. "डॉक्टरले सांगू नको. तारीख पुढं ढकलन तो."

ज्या बाईनं प्रत्येक आकडा रस्त्याला ऐकवला, तिनं ही एक गोष्ट गिळली.

काटा ऐंशीच्या खाली आला त्या सोमवारी श्यामरावांनी पेढे मागवले. पंचफुलानं एक तोंडाला लावला आणि बाकीचा टोपल्यात ठेवला. तिला मळमळत होतं. मिथुन तिच्या मागून चढला नाही, त्याला चढवत नव्हतं. पायरीवर बसून तो म्हणाला, "बाई, आता तुये पाय मायाइतके दिसून राहिले."

तिनं खाली पाहिलं. त्याचं म्हणणं खरं होतं. तिचं सगळं अंग उतरलं होतं आणि घोटे सुजले होते.

नागपूरला पंचफुला आणि राखी गेल्या. मिथुनजवळ मनकर्णाबाई बसली. डॉक्टरांनी वजन पाहून मान डोलावली, रक्त-लघवी तपासायला पाठवली. दुपारी परत आत बोलावलं तेव्हा त्यांच्या हातात कागद होता आणि ते बसा म्हणाले नाहीत. मग लक्षात येऊन म्हणाले.

"मावशी, काय घेत होता?"

"काई नाई साहेब. भात कमी केला. चालली."

"गोळ्या?"

"एक नाई. गुडघे फाटले, गोळी नाई घेतली."

"चूर्ण? काढा? कोणी पुडी दिली?"

"नाई म्हटलं ना." पंचफुलाचा आवाज चढला. "आमी सांगतलं तेवढंच करतो."

"तुमच्या किडनीला इजा झाली आहे. ही आपोआप होत नाही."

राखीनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं. ते तिनं काढलं.

"मी देत होती," ती म्हणाली. "मेथीच्या पाण्यात."

पंचफुला तिच्याकडं वळली.

डॉक्टर ओरडले नाहीत. काय पुडी, किती दिवस, एवढंच विचारलं, आणि उरलेलं चूर्ण घेऊन या म्हणाले. "आजपासून बंद. बहुतेक सुधारेल. तीन महिन्यांनी पुन्हा पाहू. पण दाता म्हणून घेईन, असा शब्द आज देता येत नाही."

"त्याच्या मानेत नळी हाये," राखी म्हणाली. "तीन महिने?"

डॉक्टरांनी कागद घडी करून पंचफुलाच्या हातात दिला.

परतीच्या एसटीत दोघी शेजारी बसल्या. भंडारा मागं पडलं, धान कापलेली रिकामी शेतं सुरू झाली. मग राखी रडायला लागली, आवाज न करता, खिडकीकडं तोंड करून.

"त्याहिले मी सांगतो," ती म्हणाली. "घरी गेल्या गेल्या. मारू दे मले."

"काई सांगाचं नाई."

"बाई..."

"आयक. तो दिवसाचं पाणी कोणाच्या हातून पिते? मोजून मोजून कोण देते? गोळ्या कोण देते? तू. त्याले कळलं का तू पेल्यात काय टाकत होती, तर तो उद्यापासून तुया हातचं काई घेईन का?"

राखीनं डोळे पुसले नाहीत.

"मी काट्यावर उभी रायली असती सालभर," पंचफुला म्हणाली. "तुले एक महिना थांबता नाई आलं." एवढंच ती बोलली आणि पुढच्या सीटच्या दांडीवर कपाळ टेकलं.

घरी मिथुन खाटेवर उशांना टेकून बसला होता. आडवं झालं की त्याला दम लागत होता. मनकर्णाबाई उठली, दोघींची तोंडं पाहिली आणि न विचारता घरी गेली.

"तारीख कोनती देल्ली?" मिथुननं विचारलं.

"नाई देल्ली."

"काहून? वजन तं झालं. साऱ्या बाजारानं आयकलं."

"वजन झालं." पंचफुला खाटेच्या पायथ्याशी उभी होती. "किडनी बिघडली माई. मी चूर्ण घेत होती. मंडईतलं."

राखी चुलीजवळ थबकली.

मिथुनला आधी कळलंच नाही. मग त्याचे डोळे हळूहळू बहिणीच्या चेहऱ्यावर येऊन थांबले. मान वळत नव्हती, म्हणून सगळं अंग वळवून त्यानं पाहिलं.

"तुले डॉक्टरनं नाई म्हटलं होतं, बाई."

"म्हटलं होतं."

"तुले माहीत होतं."

"होतं."

"मंग?"

याचं उत्तर तिनं बसमध्ये तयार केलं नव्हतं.

"आता किती दिवस?"

"तीन महिन्यानं पाहू म्हणते."

तो हसला, पण दम लागला म्हणून ते हसणं अर्ध्यातच राहिलं. पंचफुला पाणी द्यायला पुढं झाली. कोनाड्यातला छोटा पेला तिनं उचलला. मिथुननं हात वर केला.

"तू नको." त्याचा आवाज अगदी साधा होता. "राखी, तू दे."

राखी जागची हलेना. पंचफुलानं पेला तिच्या हातात दिला आणि दारात जाऊन उभी राहिली. मागं पाणी ओतल्याचा आवाज आला. मग मिथुन ते प्यायला, शेवटच्या थेंबापर्यंत.