तीन पेरण्यांचा उशीर

पौषात धुक्याची धुई उतरली की रिठदच्या माणसाला आधी तुरीची आठवण होते. बहर गळतो. संक्रांतीच्या करीला ती पहाटेपासून अशी दाटून बसली होती, की गोठ्यातल्या गायीची शिंगं दिसत होती आणि गाय दिसत नव्हती. शाळेला सुट्टी होती, म्हणून जगदेव मास्तर अंगणात लाकडाच्या ओंडक्यावर कुऱ्हाडीनं कडबा तोडत बसले होते. कडबा ओलसर, बोटं गारठलेली, कंबर पन्नाशीची. चार पेंढ्या झाल्या की उभं राहायचं, पाठ मागं वाकवायची, पुन्हा बसायचं.

धुईतून आधी खोकला आला आणि मागून जब्बार डाकवाला.

"मास्तरसाब, नागपूरचा लिफाफा हाये. जाड हाये बरं."

"ठेव तिथं ओट्यावर."

"तीन महिने रोज इचारत होते, 'आला का, आला का'. आता आला तं ठेव म्हन्ता?"

मास्तरांच्या बायकोनं, कस्तुराबाईनं, चुलीपुढून मान काढली. "करीच्या दिवशी कायले फोडता? उद्या फोडजा."

मास्तरांनी हात धोतराला पुसले आणि लिफाफा फोडला.

पत्र नागपूरच्या कॉलेजातल्या गणिताच्या प्रोफेसरांचं, इंग्रजीत. तीनच परिच्छेद होते. पहिल्यात लिहिलं होतं, तुमची सिद्धता मी दोनदा तपासली, तिच्यात खोट नाही. मास्तरांच्या छातीत काहीतरी वर चढलं. दुसऱ्यात होतं, हेच प्रमेय १९३५ साली लंडनच्या एका नियतकालिकात छापून आलं आहे, आणि आमच्या ग्रंथालयात तो अंक आहे. वर चढलेलं तिथंच बसलं. तिसरा परिच्छेद त्यांनी वाचला, पण तो नुसत्या डोळ्यांनी वाचला.

कागद घडी करून त्यांनी बंडीच्या खिशात घातला आणि कुऱ्हाड उचलली.

जगदेव मास्तर नागपूरच्या कॉलेजात दोन वर्षं होते, १९०८ ते १९१०. बाप गेला, शेत पडीक पडायची वेळ आली, आणि ते परत आले ते आलेच. गावच्या शाळेत पोरांना पाढे शिकवायचे, दोन एकर सांभाळायचे, आणि उरल्या जिवानं आकडेमोड करायची. तीही रकमांची नव्हे. एखादी गोष्ट किती तऱ्हांनी होऊ शकते, आणि का होऊ शकत नाही, याची. गावात कुणाला हे कळत नव्हतं आणि कुणाचं काही अडतही नव्हतं.

पहिला प्रश्न त्यांना पांदणींनी घातला. शिवारातल्या साऱ्या पांदणी, म्हणजे शेतांमधल्या वाटा, एकेकदाच चालून घरी परत येता येईल का? पाच वर्षं ते संध्याकाळी चालले. लोकांना वाटायचं, मास्तरचं काही हरवलं. शेवटी उत्तर सापडलं: जिथं जिथं पांदणी मिळतात तिथं त्यांची संख्या सम पाहिजे. त्यांनी ते नागपूरला पाठवलं. तेव्हाच्या प्रोफेसरांनी सभ्यपणानं कळवलं होतं, की हे युरोपात दोनशे वर्षांआधीच झालं आहे.

दुसरा प्रश्न सावडीचा. रिठदला एकाच बैलाचे धनी पुष्कळ. दोघांनी आपापला बैल आणायचा, एका जुवाला जुपायचे, आणि दोघांची शेतं पेरायची, ही सावड. पण बैल काही लाकडाचा नसतो. जो लहानपणी डावीकडे शिकला तो डावीकडेच चालतो. उजवीकडे घातला तर तासाची रेघ सोडून देतो. वर कुणाचं कुणाशी पटतं, कुणाचं नाही. एक शिंग मारतो, एक बसकण मारतो, एकाची चाल घोड्याची. मग डाव्यांतल्या प्रत्येकाला उजव्यांतला एक पटणारा जोडीदार मिळेल, हे केव्हा खात्रीनं सांगता येईल?

१९२४ पासून मास्तर यात अडकले. शाळेच्या जुन्या वह्यांच्या पाठकोऱ्या पानांवर डावीकडे ठिपके, उजवीकडे ठिपके, पटतं तिथं रेघ. एक अट त्यांना लवकर दिसली. डाव्यांतला कोणताही घोळका घ्या. त्यांच्यापैकी कुणाशीही पटणारे उजवे मोजा. ते घोळक्यापेक्षा कमी भरले, की कुणीतरी उभा राहणार. हे तर पोरही सांगेल. पण कुठंच कमी भरत नसतील तर सगळ्यांच्या जोड्या लागतीलच का? मास्तरांनी ठरवलं, लागतीलच. आणि एका पावसाळ्यात सिद्ध केलं असंही ठरवलं. येतील तसे जुपत जायचं, झालं.

मृगाच्या पेरणीला त्यांनी छाती काढून सांगितलं, "यंदा सावड मी लावून देतो." वही घेऊन बांधावर उभे राहिले. एकामागून एक जोड्या लागल्या, आणि शेवटी चतुराबाईचा पवळ्या एकीकडे उभा, धनसिंगचा गुजऱ्या दुसरीकडे उभा. दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नव्हतं. पवळ्याला एकटा मोऱ्या चालायचा, आणि मोऱ्या तर केव्हाच जुपून गेलेला.

गावच्या टवाळ पुंजाजीला असली संधी वर्षात एकदा यायची. "वहीतला बैल पास झाला ना बाप्पा! आमचाच नापास हाये. याले पुन्हा पहिलीत बसवा, मास्तर!"

बांध हसला. चतुराबाई हसली नाही. तिच्या चार एकरांची वाफ, पेरणीपुरती ओल, निघून चालली होती. नवरा मेल्यापासून ती स्वतःच पेरणीची पाभर धरायची. पदर खोचून ती पुढं झाली. "ह्या मोऱ्याले सोडा त्या लाल्यापासून. पवळ्यासंगं जुपा. लाल्याचं चांद्यासंगं जमते, तं चांद्याले सोडा सर्ज्यापासून. अन् सर्ज्या गुजऱ्यासंगं चालते, मांगच्या साली चालला ना? झालं! दोन सोडल्या, तीन लागल्या. कायले उभे राह्यले सारे?"

मास्तर तिथंच बांधावर खाली बसले. पुंजाजीला वाटलं, लाजेनं. पण त्यांना दिसलं होतं, की सिद्धता म्हणतात ती हीच. सोडत जायचं, जुपत जायचं. साखळी मोकळ्या बैलापर्यंत पोचली तर काम झालं. आणि नाहीच पोचली, तर साखळीत आलेले डावे मोजा: त्यांना पटणाऱ्या उजव्यांपेक्षा ते बरोबर एकानं जास्त भरतात. म्हणजे अटच मोडलेली. दुसरं काही होऊच शकत नाही.

दिसलं तरी कागदावर नीट बसायला आणखी काही वर्षं गेली. मध्ये प्लेग येऊन गेला, थोरली पोर गेली, शाळा तपासायला आलेल्या साहेबानं वह्यांची पाठकोरी पानं पाहून शेरा मारला. १९३४ च्या उन्हाळ्यात सिद्धता उभी राहिली. ओळीला ओळ, कुठं फट नाही.

आणि मास्तरांनी ती पाठवली नाही.

त्यांचा बाप म्हणायचा, बाजारातून आणलेला बैल तीन पेरण्या पाहावा, मग त्याला आपला म्हणावं. मास्तरांना पक्कं ठाऊक होतं, की सिद्धतेला पेरणी लागत नाही. पण बांधावरचं ते हसू कानात होतं. चौतीसची पेरणी पाहिली, पस्तीसची पाहिली, छत्तीसची पाहिली. दर साली सावड लागली, एकही बैल उभा राहिला नाही. मग चार महिने शब्दकोश घेऊन इंग्रजी केलं, सुवाच्य अक्षरात उतरवलं, आणि दसऱ्यानंतर वाशीमला जाऊन स्वतः रजिस्टर केलं.

कडबा तोडून झाला तेव्हा धुई पातळ झाली होती. चतुराबाई वाटीत उरलेला तिळगूळ घेऊन आली. आता तिला पाभर धरवत नव्हती, पण नजर तीच होती.

"काय झालं मास्तर? कागद आला म्हन्ते जब्बार. तोंड काहून असं?"

"बरोबर निघालं, चतुराबाई. पण इंग्रजानं आधीच छापलं."

"अगं माय! त्याले कोनं सांगतलं सावडीचं?"

"कोनीच नाई. त्याले त्याचंच सुचलं."

"त्याच्या कागदात बैल हायेत का?"

"नाईत. नुसते घोळके हायेत."

"कायचे?"

"कायचेच नाई. घोळके."

चतुराबाईनं वाटी ओट्यावर ठेवली. "बिनाबैलाचं सुचलं म्हंजे डोकं असन लेकाचं. किती साल झाले?"

"दोन."

"अन् पांदनीच्या वक्ताले?"

"दोनशे."

"मंग तुमी जवळच येऊन राह्यले की!" ती हसली, दात नसलेलं तोंड भरून. मास्तरांना हसू आलं नाही, ते म्हणाले, "चौतीसलेच झालं होतं माह्यं. पेरन्या पाहत बसलो."

चतुराबाईचं हसू थांबलं. ती ओट्याच्या कडेला टेकली. चुलीपुढं कस्तुराबाईचा भाकरी थापायचा आवाज थांबला होता. चतुराबाई म्हणाली, "आमच्यापायी का?"

"माह्यापायी. कोनं हसू नाई म्हनून."

त्यांनी पत्र काढून तिसरा परिच्छेद पुन्हा वाचला, आता तिला सांगत सांगत. नागपूरचे साहेब म्हणतात, लंडनच्या सिद्धतेत जोड्या लागतात एवढं कळतं. कशा लावायच्या ते तुमच्या सोडण्या-जुपण्यात जास्त उघड दिसतं. तेवढंच एका पानात लिहून पाठवा, टिपण म्हणून छापायचा प्रयत्न करू. मात्र तेही कुणी आधी केलेलं नसेल अशी हमी मी देत नाही.

"मंग लिहा ना."

"थकलो वं मी. पुन्हा इंग्रजी, पुन्हा वाट पाहनं. अन् तिकून कोनी म्हननार, हेही झालं."

"म्हनू द्या. यावक्ती पेरन्या नका पाहू म्हंजे झालं." ती गुडघ्यावर हात देऊन उठली आणि वाटी तिथंच विसरून गेली.

मास्तरांनी दौत हलवली. शाई तळाला गेली होती. त्यांनी दोन थेंब पाणी घातलं. पोस्टकार्डावर प्रोफेसरांना लिहिलं, एक पान आठ दिवसांत पाठवतो. ही रीत मला रिठदच्या चतुराबाई यांच्याकडून मिळाली, त्यांचं नाव त्यात असावं ही विनंती. अक्षरं फिकी उठली. वाचून पाहिलं, आनंद वगैरे झाला नाही. मान मात्र दुखत होती. दुपारी जब्बार परत निघाला तेव्हा त्यांनी कार्ड त्याच्या हातात दिलं.

"एवढंच? आता रोज इचारान नाई ना?"

"नाई रे. जा तू."

"अवो!" मागच्या दारातून कस्तुराबाई ओरडली. "तुरीत बकऱ्या शिरल्या! बोराटी सरकली तिकून!"

मास्तरांनी बकऱ्या हाकलल्या, दुफाट्या काठीचं बेळकं घेतलं, बोराटीची एक काटेरी फांदी त्यात अडकवून उचलली आणि कुंपणाच्या भगदाडात रेटली. एक काटा अंगठ्यात मोडला. तो दातानं काढून त्यांनी थुंकला आणि दुसरी फांदी उचलली.