वर न बघणारा औषधवाला

सुभानपुऱ्यात एसटीडी बूथशेजारी आमचा औषधवाला आहे. तो नुसती मान कधीच वळवत नाही. हाक मारली की कपाट सरकवावं तसा अख्खा वळतो. मला तो माज वाटायचा.

मला चक्कर येते म्हणून दोन वर्षं तो एकच गोळी देतोय. "एकदम सरस गोळी, ताई. चालू ठेवा." तरी कूस बदलली की घर फिरतंच.

काल वरच्या फळीवरून तीच गोळी काढताना त्याने वर पाहिलं आणि डोळे मिटून काउंटर घट्ट धरला. ती पकड मी ओळखते.

"तुम्हीही हीच घेता?"

"ना ना! मी अकोट्याला कानाच्या डॉक्टरकडे जातो. ते आडवं झोपवून डोकं या-त्या बाजूला वळवून देतात, की चक्करपासून सहा महिने शांती."

मग तो अख्खा माझ्याकडे वळला. "तुम्हाला दोन स्ट्रिप देऊ ना?"