विद्याधरपंतांनी पॉवर सप्लाय उघडला

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या बाटल्यांची बुचं बनवणारी एक कंपनी होती. सत्त्याऐंशी साली तिथे कॉम्प्युटर आला आणि अकाउंट्समधल्या विद्याधरपंतांच्या डोक्यात हवा गेली. मुलुंडच्या कुठल्याशा क्लासात त्यांनी सहा महिने इलेक्ट्रॉनिक्स गिरवलं होतं, तेवढ्यावर साहेबांनी त्यांना मशीनचा इन्चार्ज केलं. मग काय विचारता! एसी केबिनबाहेर चपला काढायच्या, शिंक आली तर बाहेर जाऊन द्यायची. कुणी काही विचारलं की पंतांचं ठरलेलं उत्तर, "तुम्हाला नाही कळायचं." घरी मिक्सर खोलून बसले की कुंदावहिनींनाही हेच ऐकवायचे. मिक्सर मात्र कधी सुरू झाला नाही.

एका सोमवारी पंतांनी बटण दाबलं. आत फट्ट झालं, मागून धूर आला आणि कॉम्प्युटरने मान टाकली.

मशीन उघडायच्या आधीच पंतांनी गुन्हेगार ठरवून टाकला. अनुपमा! घाटकोपरहून येणारी, कॉम्प्युटरवर आकडे भरणारी पोरगी. तिचं प्रोबेशन त्याच आठवड्यात संपत होतं. वडिलांची गिरणी बंद पडलेली, घर तिच्या पगारावर चाललेलं.

"ही मशीनपाशी डबा खाते, साहेब," पंत म्हणाले. "पॉवर सप्लायमध्ये शितं गेली, दुसरं काय?"

"मी केबिनमध्ये कधीच खाल्लं नाही, सर. आईशप्पथ." अनुपमा म्हणाली.

साहेबांना वादाचा कंटाळा. म्हणाले, "उघडून बघू. शितं निघाली तर उद्यापासून येऊ नकोस."

सगळं ऑफिस अनवाणी गोळा झालं. पंतांना आणखी काय हवं? बाह्या सरसावून त्यांनी प्लग काढला, पॉवर सप्लायचा पत्र्याचा डबा बाहेर घेतला आणि झाकण उघडून प्रवचन लावलं. "हा ट्रान्सफॉर्मर. हे कॅपॅसिटर. प्लग काढला तरी यांच्या पोटात वीज राहते, बरं का! अडाणी माणूस हात घालतो आणि जातो वर." मग टॉर्च मारला आणि ओरडलेच, "सापडली! शितं! मी म्हटलं नव्हतं?"

अनुपमाचा चेहरा पांढराफटक पडला.

साहेबांनी चिमट्याने एक दाणा उचलला, नखाने दाबला. दबेना. "पंत, हा तांदूळ कच्चा आहे. आणि लाल कसा?"

पंत वाकले. ट्रान्झिस्टरच्या पायांमध्ये कुंकवाचा लगदा जळून काळा पडला होता आणि त्यात अक्षता रुतल्या होत्या. पंतांना घाम फुटला. आठवड्यापूर्वीच खंडेनवमीला मशीनची पूजा झाली होती. वीज मागूनच आत येते म्हणून पंख्याच्या जाळीवर हळदकुंकू आणि अक्षता मनसोक्त पडल्या होत्या, वर पळीभर तीर्थ.

पण हार मानतील ते पंत कसले! त्यांनी चटकन शिपायाकडे बोट केलं. "पूजेची थाळी या खंडूने आणली होती, साहेब. याला काही पोच आहे का?"

खंडू सावंतवाडीकडचा, कुणाच्या बापाला न भिणारा. "माका खंय आत येवक दिलात? 'तुझा सोवळा नाय' म्हणून भायर उभो केलात. दार पण लावून घेतलात!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांनी विचारलं, "म्हणजे आत तुम्ही एकटेच होतात?"

"हो," पंत पुटपुटले. त्या सोवळ्यापायी दोष ढकलायला दुसरं माणूसच उरलं नव्हतं.

साहेबांनी अनुपमाचा कायम केल्याचा कागद तिथेच मागवून सही केली. पंत कसनुसं हसत तिला म्हणाले, "चुकून झालं गं. मनावर घेऊ नकोस."

"माझी नोकरीपण चुकूनच गेली असती ना, काका?" अनुपमा म्हणाली आणि कागद घेऊन बाहेर पडली.