टॅबवरचं गाऱ्हाणं

आमच्या वॉर्डात टॅब आला तेव्हा सगळ्यांत जास्त कुरकुर मी केली. ज्यांचा आजार बरा होणार नाही त्यांचं दुखणं कमी करायचं, त्यांना काय हवं-नको ते विचारायचं, हे आम्हा नर्सचं काम. त्यात ही काचेची पाटी कशाला? पण तिच्यावर एकदा लिहिलेलं डॉक्टरांना, औषधवाल्यांना आणि रुग्णांच्या घरी जाणाऱ्या नर्सला, सगळ्यांनाच दिसतं म्हणाले, म्हणून मुकाट्याने शिकले.

पहिली नोंद एका आजोबांची. पोटातला कॅन्सर पसरलेला. चाळीस वर्षं गावच्या देवळात गाऱ्हाणं घालणारे ते. देवापुढे एकेक मागणं त्यांनी मांडायचं आणि मागे उभ्या गावाने प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. खाटेभोवती घरची नऊ माणसं होती. मी टॅबवरचे प्रश्न ठसक्यात, एका सुरात वाचायला लागले. घरी राहायचं आहे का? 'व्हय.' मोठ्या दवाखान्यात हलवायचं का? 'व्हय.' श्वासासाठी नळी घालायची का? 'व्हय.' नऊच्या नऊ जण एका आवाजात! मी देवगडची, लहानपणापासून गाऱ्हाण्यात उभी राहिलेली, तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. पटापट खुणा केल्या आणि काम लवकर उरकलं म्हणून स्वतःवरच खूश झाले.

दुसऱ्या दिवशी घाटावरून नव्याने आलेल्या डॉक्टरांनी नोंद वाचली आणि आजोबांना गोव्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला अ‍ॅम्ब्युलन्स सांगितली. आजोबांचा चेहरा पडला. शुक्रवारी गावची जत्रा होती आणि गाऱ्हाणं त्यांना घालायचं होतं. मग तुम्ही सगळ्याला होय का म्हणालात, असं मी त्यांच्या सुनेला विचारलं. ती म्हणाली, सिस्टर, तुम्ही एवढ्या लयीत वाचत होता, मध्येच नाही कसं म्हणायचं? मला हसू आवरेना, आणि लाजही वाटली. ज्यांना विचारायचं ते आजोबा समोर पडून होते, आणि मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

डॉक्टरांना थांबवलं. टॅब मांडीवर घेऊन आजोबांना म्हटलं, "आता गाऱ्हाणा तुमीच घाला. मी लिवतंय."

त्यांनी उशीला टेकून हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, माका नळी घालून खंय धाडू नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"पोटात कळ येता, तेचा औषध घराक मेळू दे रे म्हाराजा."

आता घरच्यांबरोबर शेजारच्या खाटांवरूनही साथ आली.

"आणि जत्रेक माका देवळात उभो रवाक दी रे म्हाराजा."

डॉक्टरही घाटी सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणाले, तेव्हा अख्खा वॉर्ड हसला. जुन्या खुणा पुसून मी सगळं त्यांच्याच शब्दांत लिहिलं.

आजोबा घरी गेले. मी रोज त्यांच्याकडे जाऊन दुखणं किती ते टॅबवर भरत होते, इकडे डॉक्टर ते बघून औषध कमी-जास्त करत होते. शुक्रवारी मुलाच्या खांद्याला धरून आजोबा देवळात उभे राहिले. आवाज बारीक झाला होता, पण एकही मागणं विसरले नाहीत. त्या दिवसाइतका आनंद मला नोकरीत कधी झाला नव्हता.

तीन आठवड्यांनी आजोबा ओटीवर झोपेतच गेले. मी त्यांच्या घरी जाऊन टॅब उघडला. शेवटचा प्रश्न आला आणि सवयीने मी तो मोठ्याने वाचला: नोंद बंद करायची का?

रडता रडता नऊच्या नऊ जण म्हणाले, "व्हय म्हाराजा."