दोघींचा एक कॉम्प्युटर

आमच्या लॅबमध्ये दोघींना मिळून एक कॉम्प्युटर आहे. तांदळातला खडा शोधावा तशी माझी जोडीदार सारिका प्रोग्रामच्या ओळींवरून बोट फिरवते, स्क्रीनला न लावता. मग बोट थबकतं. "अगं बाई, थांबायचं कधी ते त्याला सांगितलंच नाही आपण. गोल गोल फिरतंय बिचारं!" ती सांगते आणि मी टाइप करते.

परवा सर जर्नल तपासायला आले. "कसा केला प्रोग्राम?" सारिका मराठीत सांगू लागली. "इंग्लिशमध्ये बोल. तोंडी परीक्षेला काय करशील?" ती अडखळली. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी तिचीच वाक्यं इंग्रजीत म्हणून दाखवली. "व्हेरी गुड," म्हणत त्यांनी माझ्या जर्नलवर सही केली. तिचं तसंच परत दिलं.

"हे सारिकाने केलंय, सर," एवढं माझ्या तोंडून निघालं नाही. मी लाजाळू आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण इंग्रजीत घडाघडा बोलताना मी कुठे लाजले होते?

विचार कोणत्या भाषेत सुचला, हे मशीन कधीच विचारत नाही. माणसं विचारतात, आणि ज्याच्या सोयीचं ते असतं तो गप्प बसतो.

आज सारिकाने कीबोर्ड स्वतःकडे ओढला. "आज तू सांग, मी टाइप करते," ती शांतपणे म्हणाली. तिची बोटं माझी वाट पाहत राहिली. मला पहिली ओळसुद्धा सांगता आली नाही, कोणत्याच भाषेत.