शाडूतली पानं

निमकर बाई चिखल चाटायच्या. ऐकीव सांगत नाही, डोळ्यांनी पाहिलं आहे. अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात आम्ही बागेत विहीर खणायला घेतली. जांभा फोडून गडी थकले आणि खाली पाणी लागायचं सोडून निघाला करडा शाडू, त्यात कोळशासारखी काळी लाकडं आणि कुजक्या अंड्यांचा वास. मला जेवण जाईना. अशात काळी लाकडं निघाल्याचं ऐकून ही पांढऱ्या केसांची बाई आली, साडी वर खोचलेली. ढिगातलं एक ढेकूळ उचललं, फोडलं आणि त्याला सरळ जीभ लावली.

"अहो, काय करताय? गडी थुंकतात त्यात!"

"ओलं केलं की पान उठून दिसते," त्या म्हणाल्या. "पाण्याची बाटली एसटीत विसरले. पाहा बरं."

पान होतं खरं. शीर न् शीर दिसत होती. पण माझं लक्ष त्यांच्या काळ्या जिभेकडे.

बाई मूळच्या नागपूरकडच्या. शहरातल्या कॉलेजात झाडांचं शिकवायच्या. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर माझ्या पडवीलगतची खोली भाड्याने मागितली. रिकामी होती म्हणून दिली, आणि पस्तावले. तीन वर्षांत आंब्याच्या अठरा पेट्या चिखलाने भरल्या. ढेकळं माझ्या मोरीत धुवायच्या, मोरी तुंबायची. एकदा तर माझ्या पोळपाटावर दगड मांडलेला. पोळपाट मी फेकून दिला. त्यांनी नवा आणून दिला आणि जुना उचलून खोलीत नेला!

एका संध्याकाळी ओट्यावर तीन दगड ओळीने मांडून मला हाक मारली.

"हा नेचा. याला फूल नाही, बी नाही. पानामागची पूड वाऱ्यावर सोडली की मोकळा. मग हे जिभेसारखं पान, आमच्याकडच्या कोळशाच्या खाणीतलं. याच्या झाडाने बी केलं, लेकराला शिदोरी बांधून दिली. पण फूल याच्याकडेही नाही. आणि हे तुमच्या विहिरीतलं, फुलणाऱ्या झाडाचं. फूल म्हणजे कालचं पोर आहे, काकू."

"आणि आमचा हापूस?"

"तो आत्ता रांगायला लागला."

मला हसू आलं, पण दाखवलं नाही. विहिरीतल्या पानाला लांब शेपटी होती. पाणी निथळायला, म्हणाल्या. तेव्हा इथे बारा महिने पाऊस असावा. पुढे पाऊस बदलला, आणि झाडाला पाय नसतात. "हे पान आज कुठल्याच झाडाशी जुळत नाही. सगळीकडे पत्रं लिहिली. असं एकच सापडलं, तुमच्याकडे." ते पान त्या कापसात ठेवायच्या.

त्यांचा जीव त्या पेट्यांत. कॉलेजने जागा नाही म्हणून हात वर केले. शेवटी आमच्या प्राथमिक शाळेच्या गुरुजींनी एक कपाट देतो म्हटलं, तर बाई नव्या नवरीसारख्या खुलल्या. एकेका पानाला चिठ्ठी लावली, शेपटीचं पानही कापसासकट पेटीत ठेवलं. तेवढ्यात मोतीबिंदू काढायला भावाकडे जाणं आलं. निघताना मला म्हणाल्या, "काकू, पेट्या शाळेत पोचवा. मुलांना हात लावू द्या म्हणावं."

श्रावण लागला होता. आमच्याकडे त्या दिवसांत शाळा म्हटलं की आधी गणपतीची शाळा आठवते, जिथे मूर्ती घडतात ती. टेम्पोवाला पांडू आला, पेटीत डोकावला.

"काकी, शाडू दिसतोय. गणपतीच्या शाळेत ना?"

मी नाकाला पदर लावून उभी होते. म्हटलं, "ने मेल्या कुठेही. घरातनं गेलं म्हणजे झालं."

हे मी बाईंना कधी सांगितलं नाही. आता त्या नाहीत.

तीन आठवड्यांनी डोळ्याला काळा चष्मा लावून आल्या आणि तशाच प्राथमिक शाळेत गेल्या. कपाटात तांदळाची पोती. गुरुजी म्हणाले, "मला वाटलं, तुमचा विचार बदलला." विचारावं एवढंही या माणसाला सुचलं नाही. मग आम्ही दोघी गणपतीच्या शाळेत गेलो. मूर्तिकार वासू खूश.

"बाई, तुमची होय माती? लोण्यासारखी हो! कुटून भिजवली. काळा कचरा, कागदाचे कपटे नि खडे तेवढे काढले."

"कुठे टाकले?"

"गटारात."

बाई पाटावर बसल्या. पुढ्यात चाळीस-पन्नास गणपती वाळत होते. मग म्हणाल्या, "चूक माझीच. आमच्याकडे शाळा म्हणजे शाळाच राहते."

गाव महिनाभर हसलं. बाईंची पानं देवाने खाल्ली म्हणे. त्या हसण्याची मला किळस आली, आणि माझी स्वतःची जास्त. चिखलाचा वास निदान धुतला की जायचा.

आमच्या घरचा गणपती त्याच मातीचा. पाच दिवस मी नैवेद्य दाखवला, पण वर बघवलं नाही. विसर्जनाला बाई आपणहून आल्या. वाळूत चप्पल काढून माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. मूर्ती पाण्यात गेली, तिचा रंग सुटला आणि सगळे ओरडले, "पुढच्या वर्षी लवकर या!"

बाई हळूच म्हणाल्या, "गणपती येईल, काकू. ते शेपटीचं पान नाही यायचं."

मी त्यांच्याकडे वळले. पांडूने विचारलं होतं, मला ठाऊक होतं, एवढंच सांगायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात मागनं पुन्हा आरोळी उठली, आणि त्या उघड्या तोंडाने मी "मोरया" म्हणाले.