चुकीसाठी ठेवलेली बाटली

शेवटच्या भेटीत कुंदामॅडमनी मला एकच प्रश्न विचारला आणि मी त्यांच्याशी खोटं बोलले. हॉस्पिटलच्या खाटेवर त्या उशीला टेकून बसल्या होत्या. "मीना, मंडळींना काय घालतेस?" मी म्हटलं, "नेहमीचंच." त्या म्हणाल्या, "घरी फ्रीजरमध्ये बघ एकदा." मला वाटलं, तापात बोलताहेत... चौथ्या दिवशी त्यांच्या भावाचा, अनंतदादांचा फोन आला, मॅडम गेल्या. त्याला आता दोन महिने होतील.

मंडळी म्हणजे जिवाणू. मॅडम आमच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या, मी त्यांची प्रयोगशाळा सांभाळायचे. काचेची भांडी फोडण्यात माझा हात कोणी धरला नसता. म्हणूनच की काय, प्रत्येक प्रयोगात त्या एक बाटली जास्तीची भरून बाजूला ठेवत आणि वर लिहीत, 'चुकीसाठी'. निवृत्तीनंतरही त्यांनी मला सोडलं नाही, कारण गिरीजच्या त्यांच्या वाडीतल्या विहिरीला डांबरगोळ्यांचा वास येऊ लागला होता. शेजारच्या जागेत कुणीतरी रसायनांची जुनी पिंपं धूत असे. तक्रारी झाल्या, तो माणूस गेला, वास राहिला. दादांनी ते पाणी केळींना देणं थांबवलं आणि विहीर बुजवायची भाषा सुरू केली. मॅडम त्याच विहिरीचं पाणी पिऊन वाढलेल्या. त्यांनी दादांकडे पावसाळ्यापर्यंत मुदत मागून घेतली आणि पिंप धुण्याच्या जागेवरची ओंजळभर माती घरी आणली. त्या विषात जे तगले असतील त्यांनाच ते खाता येत असेल, असं त्यांचं म्हणणं.

क्षारांच्या पाण्यात चिमूटभर माती आणि डांबरगोळीचा चुरा. दुसरं खायला काही नाही. आठ-दहा दिवसांनी पाणी गढूळ व्हायचं, त्यातलं थोडं नव्या बाटलीत. डांबरगोळीचा रेणू म्हणजे दोन कडी एकमेकांना चिकटलेली, फार घट्ट. जिवाणूंचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, आधी त्या कड्यावर प्राणवायू बसवतं, मग दुसरं ते कडं तोडतं. "बांगडी एका जागी तडकली की तिचे तुकडे व्हायला वेळ लागत नाही," मॅडम म्हणायच्या. पुढे त्यांनी पिंपात नारळाचा काथ्या भरून त्यावर ही मंडळी वाढवली आणि विहिरीचं पाणी त्यातून सोडलं. वास कमी झाला. पिण्याचं नाव काढायचं नाही, असं मात्र त्या बजावून सांगत.

मग त्या आजारी पडल्या आणि सगळं माझ्यावर आलं. थंडीत बाटल्या गढूळच होईनात. मला धास्ती बसली. संक्रांतीला हॉस्पिटलमध्ये त्यांच्या हातावर तीळगूळ ठेवला, त्यांना तो गिळवेना. तोच गूळ गिरीजला मॅडमच्या घरी आणून मी उकळला, गाळला आणि बाटल्यांत घातला. सणाला घरात कुणी उपाशी का राहावं... दुसऱ्या दिवशी बाटल्या दुधासारख्या! हरखून मी पुन्हा पुन्हा गूळ घातला, तेच पाणी पिंपातही ओतलं. आठवड्यात वास परत आला. गोड मिळाल्यावर कडं फोडायची खटपट कोण करील? दिवसाला कितीतरी पिढ्या होतात त्यांच्या, आणि न वापरलेली हत्यारं पुढच्या पिढ्या टाकूनही देतात. हे मॅडमनी वर्गात सांगताना मी दहा वेळा ऐकलं होतं, फळा पुसत.

तेरावं झाल्यावर दादा म्हणाले, "कुंदा गेली, वासही परत आला. आता बुजवून टाकतो." मी पंधरा दिवस मागितले, कशाच्या जोरावर ते मलाच माहीत नव्हतं. आणि मग मॅडमच्या घरचा फ्रीजर आठवला. कोलंबीच्या डब्यामागे बोटाएवढी बाटली, आत ग्लिसरीनमध्ये गोठवून ठेवलेली जुनी मंडळी. चिकटपट्टीवर मॅडमचं अक्षर, 'चुकीसाठी'.

त्यातलं थोडं काढून मी डांबरगोळीवर सोडलं. पाच दिवस काही नाही. मनवेलपाड्याच्या माझ्या घरून रोज गिरीजला जाऊन बाटली उजेडात धरायची नि परत यायचं. नवव्या दिवशी पाणी किंचित गढूळ दिसलं, पण गढूळ तर गुळानेही झालं होतं. ते काचेच्या थाळीवर वाढवून मी दादांना घेऊन कॉलेजात गेले. थाळीवर जिवाणूंचे ठिपके उगवतात, त्यांवर कॅटेकॉल नावाच्या रसायनाचा थेंब टाकायचा, कडं फोडणारं विकर शाबूत असेल तर ठिपका पिवळा होतो. पहिला थेंब टेबलावरच पडला. दुसऱ्याने ठिपका पिवळा झाला, मग शेजारचाही. "कुंदाचेच ना हे?" दादांनी विचारलं. मी मान डोलावली.

पिंपात नवा काथ्या भरला आहे. पाऊस दोन-अडीच महिन्यांवर, दादांनी तोवर हात आवरलाय. वास रोज कमी वाटतो आणि रोज वाटतं, माझंच नाक फसतंय. काल मी नवी बाटली भरली, वर 'चुकीसाठी' लिहिलं आणि कोलंबीच्या डब्यामागे मॅडमच्या बाटलीशेजारी ठेवली. फ्रीजर उघडाच होता, आत त्यांचं अक्षर दिसत होतं. मी म्हटलं, "गूळ घातला होता, मॅडम."